तिसरी पिन

"तुमच्या दुकानात चालतो हो, घरी नेला की बंद पडतो."

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अजून जन्माला यायचाय. तासगावात एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत नंदकुमार शिरतोडेचं दुकान होतं, आणि तो ते सत्तावीस वर्षं ऐकत आला होता. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं, मान डोलवावी, मशीन तीन दिवस ठेवून घ्यावं आणि आतली धूळ झाडून परत द्यावं, असा त्याचा रिवाज. चालू होऊन लगेच बंद पडणाऱ्या मशीनला त्याच्या मते पाचच आजार असतात. वीज पुरवणारा एसएमपीएस दमलेला असतो, रॅम हललेली असते, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते, बटण आत अडकलेलं असतं, नाहीतर एखादा सुटा स्क्रू बोर्डाखाली जाऊन बसलेला असतो. सहावा आजार असलाच तर तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो, असं तो म्हणायचा.

ढवळे मास्तरांचं मशीन मात्र या पाचांत बसेना, आणि मास्तरांचं डोकं तर गावात सगळ्यांत ठिकाणावर असलेलं.

मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. निम्म्या तासगावाला घागर आणि कावळा काढायला त्यांनीच शिकवलेलं. हल्ली त्यांनी तालुक्यातल्या जुन्या विहिरींचं पुस्तक करायला घेतलं होतं. एकशे बारा विहिरी, प्रत्येकीचं चित्र आणि प्रत्येकीची हकीकत. शंभर झाल्या होत्या, बारा राहिल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा आणि सहाव्या सेकंदाला सगळं गप्प.

दुकानात मास्तरांनी स्वतः येऊन बटण दाबलं तेव्हा मशीन तासभर निमूट चाललं. घरी नेलं की पुन्हा सहा सेकंद. दोन हेलपाटे झाल्यावर नंदूच पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेला.

त्या पिशवीत एक रबरी पट्टी असायची. लग्नाआधी एका जुन्या मॉनिटरनं नंदूला असा झटका दिला होता की तीन दिवस त्याला चहाचा कप धरता येईना. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा एक तुकडा कापून तो बरोबर बाळगायचा. लोकांच्या घरात शिरताना चपला दाराशी काढाव्या लागतात, पण उघड्या पायानं तो मशीनला हात लावायचा नाही. आधी पट्टी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मग बटण. त्याची बायको शैलजा त्या पट्टीला त्याचं आसन म्हणायची.

मास्तरांच्या घरी त्यानं आसनावर उभं राहून बटण दाबलं, तर मशीन चाललं. मास्तरांच्या सुनेनं, अर्चनानं दाबलं, तरी चाललं. मास्तर अनवाणी पुढं आले, त्यांनी दाबलं आणि सहाव्या सेकंदाला पंखा थांबला. असं चार वेळा झालं. शाळेत असताना ह्याला कधी छडी मारली होती का, असं नंदूनं विचारलं तेव्हा मास्तरच सगळ्यांत जास्त हसले.

मागं वाकून बघितलं तेव्हा प्लगची तिसरी पिन तोडलेली दिसली. आपल्याकडे ही रीतच आहे. प्लगला तीन पिना आणि भिंतीतल्या सॉकेटला दोन भोकं. मग पकडीनं ती जाड पिन मोडायची आणि मोकळं व्हायचं. ती पिन अर्थिंगची. मशीनच्या अंगावर चुकून उतरलेली वीज जमिनीत नेऊन सोडणं हे तिचं काम. ती मोडली तरी मशीन चालतं, म्हणून कुणाला तिची किंमत नाही. दुकानात नंदू स्वतःची तीन पिनांची वायर लावायचा आणि तिथं अर्थिंग चोख होतं, मास्तरांच्या घराला ते कधी नव्हतंच. पण अर्थिंग नाही म्हणून एकाच माणसाच्या हातानं मशीन बंद पडावं, हे त्याला उमगेना. रोज सूनबाईंनी सुरू करावं आणि मास्तरांनी चित्रं काढावीत, असा तोडगा काढून तो परतला.

मास्तर त्यानंतर तेविसाव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेले.

नंदू भेटायला गेला तेव्हा अर्चनानं त्याच्या हातात एक वही ठेवली. मास्तर हट्टी. सुनेला हाक मारण्याआधी ते रोज एकदा स्वतः बटण दाबून बघायचे, सेकंद मोजायचे आणि तारखेपुढं लिहून ठेवायचे. सहा, सहा, सहा, पाच, सहा, पाच. मग चार, चार, तीन. अक्षर शेवटपर्यंत वळणदार. शेवटच्या तारखेपुढं एक होता.

"शेवटी शेवटी मला म्हणायचे, अर्चना, ह्याला काहीतरी कळतंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, मामा, यंत्राला काय कळणार?"

घरी परतताना नंदूनं स्वतःची समजूत काढली की हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण वही त्यानं मागून आणली होती. तीन रात्री ती उशाशी ठेवून झोपल्यावर त्यानं बोर्ड बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत फोन लावला. चार जणांनी पुढं ढकलल्यावर तो एका इंजिनिअर बाईंपर्यंत पोचला, आणि सेकंदांची गोष्ट काढताच त्या बाई आवाज खाली आणून बोलायला लागल्या.

त्या २०३६ सालात नव्या प्रत्येक बोर्डावर 'सावध' नावाची नखाएवढी चिप असायची. वीज अचानक गेली की केलेलं काम बुडतं, त्यावर काढलेला हा उपाय. वीज जाण्याआधी तारांमधल्या प्रवाहात एक बारीक कुरबुर सुरू होते, माणसाला कधीच न जाणवणारी. सावध ती ओळखायची आणि पुढचं नुकसान टाळायला मशीन आधीच बंद करायची. कुठली कुरबुर वाईट, हे तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. लाखो मशीनमधल्या चिपा रोज एकमेकींना आपापले अनुभव कळवायच्या. अमुक थरथर झाली आणि पाठोपाठ काम अर्धवट पडलं, एवढंच. त्यातून त्या आपल्या आपण शहाण्या होत गेल्या.

आता जिथं अर्थिंग नाही तिथं काय होतं, तर बटणावर बोट ठेवणारा माणूसच अर्थिंग होतो. मशीनच्या अंगावरची थोडी वीज त्याच्या बोटातून शिरते आणि उघड्या पायांतून फरशीत उतरते. जाता जाता ती त्याच्या नाडीची, रक्ताची, काळजाची थरथर बरोबर घेते. सावधच्या लेखी तीही विजेचीच कुरबुर. काही कुरबुरी अशा होत्या की त्यांच्यानंतर थोड्या दिवसांत तो हात बटणावर यायचाच थांबायचा. उघडलेलं काम तसंच उघडं राहायचं. चिपेनं तेही शिकून घेतलं.

"म्हणजे तिला माणसाचं मरण कळतं?" नंदूनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "मरण तिला काय माहीत? तिला एवढंच कळतं की हा हात काम अर्धं टाकून जाणार आहे. खात्री जितकी जास्त, तितकी ती लवकर बंद करते."

मग त्यांनी सांगितलं की कंपनीनं याची नोंद बिघाड म्हणून केली आहे. वर्षअखेर नवा प्रोग्रॅम येईल, तोवर गिऱ्हाइकांना नीट अर्थिंग करून द्यावं. अर्थिंग असलं की वीज माणसातून जात नाही, आणि मग कुणाची तक्रारही येत नाही.

पंधरा दिवसांनी सर्जेरावचा निरोप आला. सर्जेराव मोहिते गावाबाहेरचं दूध संकलन केंद्र चालवायचा. एकोणचाळीस वर्षांचा, तालमीत कान मुडपलेला गडी, चाळीस लिटरचा कॅन एका हातानं उचलणारा.

"बघा की शिरतोडे," तो म्हणाला, "पोरीनं चालू केलं की चालतंय, आन् मी हात लावला की नऊ सेकंदांत मरतंय. माझ्यावरच का खार खाऊन हाय ह्यो?"

केंद्राच्या ओल्या फरशीवर तो अनवाणी उभा होता. नंदूनं वाकून प्लग बघितला, तिसरी पिन मोडलेली. सांगणार काय? तुझा कॉम्प्युटर म्हणतोय की तू जाणार? गावानं त्याला खुळ्यात काढलं असतं, आणि सर्जेरावनं तर हसून पाठीवर थाप मारली असती. शिवाय नंदू अजून स्वतःशी म्हणत होता की एका मास्तरांवरून काही सिद्ध होत नाही. त्यानं कुदळ मागून घेतली, केंद्रामागं खड्डा काढला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, वर पाणी ओतलं. तार आत घेतली, तीन पिनांचा प्लग बसवला. सर्जेरावनं बटण दाबलं आणि मशीन झकास सुरू झालं. त्यानं खूश होऊन नंदूला तांब्याभर दूध पाजलं, आणि नंदूनं ते प्यायलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सर्जेराव कॅन उचलताना खाली बसला, तो उठलाच नाही.

केंद्राच्या अंगणात झालेल्या दिवसकार्याला नंदू असा रडला की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सर्जेरावशी त्याचं नातं काय तर गिऱ्हाइकाचं. शैलजा मात्र कुणाकडे बघत नव्हती. ती केंद्रामागच्या बुजवलेल्या खड्ड्याकडे बघत होती.

शैलजा घरी लग्नपत्रिका करायची. मजकूर लावणं, वेलबुट्टी काढणं, आजोबा-पणजोबांची नावं मानापमानाच्या क्रमानं बसवणं. पत्रिकेत कुणाच्या आत्याचं नाव राहिलं की लग्न मोडण्याची पाळी येते, त्यामुळं हे काम कॉम्प्युटरपेक्षा डोक्याचं जास्त, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. मार्गशीर्षात तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. वरच्या खोलीत तिचं मशीन होतं. ते दोन वर्षांपूर्वी नंदूनंच जोडून दिलं होतं आणि त्याच्या प्लगची तिसरी पिन नंदूनंच पकडीनं मोडली होती. दुसऱ्याच्या दारात अर्थिंगचा खड्डा काढणाऱ्याच्या घरात अर्थिंग नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती जिन्यावरून म्हणाली, "अहो, जरा वर या. हा चालू होतोय आणि लगेच बंद पडतोय."

नंदू जिना चढला. फरशी नुकतीच पुसलेली होती. त्यानं आसन टाकलं, बटण दाबलं, आणि मशीन चाललं. ते बंद करून त्यानं तिला दाबायला सांगितलं. तो मनात मोजत होता. आठव्या सेकंदाला पंखा थांबला.

तो म्हणाला की एसएमपीएस असेल, बघतो. खाली आला, परसात गेला आणि कुदळ घेऊन खणायला लागला. मीठ घरात होतं, कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणता आला असता. अर्ध्या तासात तार वर गेली असती आणि मशीन पुन्हा कधी बंद पडलं नसतं. शैलजा पत्रिका करत राहिली असती, हसत राहिली असती, जितके दिवस असतील तितके. सांगून तरी काय उपयोग? मास्तरांनी सगळं वहीत लिहिलं होतं, म्हणून ते वाचले का? पण मास्तरांना त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, हेही त्याला माहीत होतं. तो खणत राहिला. डावा खांदा भरून आला तसा त्यानं हात बदलला.

"सर्जेरावच्यातही असाच खड्डा काढला होता तुम्ही," शैलजा मागं उभी होती.

त्यानं कुदळ आणखी एकदा मारली.

"काय लपवताय?"

मग त्यानं सांगितलं. वही, पुण्याच्या बाई, सर्जेरावचं दूध, सगळं. सांगताना तो खड्ड्याच्या काठावर बसला होता आणि मातीची ढेकळं हातात चुरत होता. भीती वाटते, तो म्हणाला, तुझ्याकडे बघायची भीती वाटते. शैलजा तुळशीच्या कट्ट्याला टेकली. गेले दोन महिने जिना चढताना तिला दम लागत होता, हे तिनंही त्याला सांगितलेलं नव्हतं. ते तिनं तेव्हा सांगितलं.

"सर्जेरावला तुम्ही बोलला असता, तर त्यानं ऐकलं असतं की नसतं, ते त्याचं त्यानं ठरवलं असतं," ती म्हणाली. "बुजवा तो खड्डा. आपण मिरजेला जाऊ."

आजार म्हटला की त्या बाजूच्या लोकांना मिरज आठवते. कार्डिओग्राम साफ आला आणि डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत, घरी जा. नंदू उठेना. कॉम्प्युटरची हकीकत सांगितली तर आपल्यालाच दुसऱ्या वॉर्डात पाठवतील हे ओळखून त्यानं जिन्याचा दम चारपट वाढवून सांगितला आणि चक्क हात जोडले. शेवटी पट्ट्यावर चालवायची तपासणी झाली. चौथ्या मिनिटाला डॉक्टरांनी पट्टा थांबवला. दुसऱ्या दिवशी नळी घालून बघितलं, तर काळजाची मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद. त्यांनी तिथल्या तिथं स्प्रिंग बसवली. आणखी महिनाभर असंच राहिलं असतं तर, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

दहाव्या दिवशी दोघं घरी आली. पिशव्या दारात ठेवून शैलजा सावकाश जिना चढली आणि वरच्या पायरीवर थांबून म्हणाली की दम लागला नाही. शेजारणीनं घर झाडूनपुसून ठेवलं होतं, फरशी अजून ओलसर होती. नंदूनं तिला बसायला सांगितलं, आज नको म्हणाला, उद्या बघू म्हणाला. तिनं अनवाणी उभं राहून सरळ बटण दाबलं.

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. नंदू मोजत होता. सहा गेले. आठ गेले. नऊ, दहा, अकरा. पडदा उजळला आणि ती अर्धी टाकून गेलेली पत्रिका समोर आली, वरच्या गणपतीसकट. नंदू खुर्चीत बसला आणि ढसाढसा रडला. त्यात सर्जेरावचंही रडणं होतं. इतक्या दिवसांनी त्याला पहिल्यांदा वाटलं की ही चिप म्हणजे आपल्याला मिळालेली देणगी आहे. वर्षअखेरीच्या आत गावातल्या जितक्या घरांत जाता येईल तितक्या घरांत जायचं, त्यानं ठरवलं. लोक हसले तर हसू देत.

शैलजानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग मशीन बंद करून ती बाजूला सरकली.

"आता तुम्ही दाबा."

"मी शंभर वेळा दाबलंय," तो डोळे पुसत म्हणाला. "माझ्या हातानं कुठलंही मशीन चालतं. मास्तरांचं चाललं, हेही चाललं." बोलता बोलता सवयीनं त्यानं कोपऱ्यात राहिलेली पट्टी उचलली, फरशीवर टाकली आणि तिच्यावर उभा राहिला.

शैलजा त्या पट्टीकडे बघत राहिली. नंदूनंही खाली बघितलं. मॉनिटरच्या त्या झटक्यापासून तो एकदाही उघड्या पायानं जमिनीवर उभा राहून बटण दाबायला गेला नव्हता. त्याच्यातून वीज कधी गेलीच नव्हती. मशीनं त्याच्या हातानं चालत होती ती त्यांना तो दिसतच नव्हता म्हणून.

"उतरा त्यावरून," ती म्हणाली.

तो उतरला. फरशी पायाला गार लागली. खड्डा काढल्यापासून डावा खांदा दुखायचा थांबला नव्हता, तो त्यानं जरा दाबला. मग हात पुढं करून बटण दाबलं. बोटाला नेहमीची नसलेली एक बारीक झिणझिण जाणवली. पंखा फिरला.

"एक," शैलजा म्हणाली.

पंखा थांबला.

नंदूला मास्तरांच्या वहीतली शेवटची ओळ आठवली, तिथला वळणदार आकडा आठवला. त्यानं बायकोकडे बघितलं, पण शैलजा तिथं नव्हती. ती भराभर जिना उतरत होती. मिरजेहून आणलेली पिशवी अजून दारातच होती, ती तिनं उचलली आणि त्याच्या चपला उंबऱ्याबाहेर सरळ करून ठेवल्या.